इंडियानापोलिसचे तेरावे वळण

मे महिन्यात धुळ्याहून जळगावकडे येताना रस्त्याच्या कडेला काळ्या रबराच्या पट्ट्या पडलेल्या दिसतात. एखादी वीतभर, एखादी चांगली दोन हात लांब. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे टायरवर पोट असणाऱ्या माणसांची या भागात कधीच वाण पडली नाही. ढाब्यावर ट्रक उभा राहिला की क्लीनर टॉमी घेऊन खाली उतरतो आणि एकेका चाकावर ठोका देत गाडीला फेरी मारतो. आवाज टणक आला तर ठीक. बद्द आला तर हवा कमी. ही परीक्षा साधी आहे आणि बऱ्याच अंशी खरीही आहे. पण ती हवेची परीक्षा आहे. टायरच्या पोटातील दोऱ्यांचे काय झाले आहे, हे ती सांगत नाही.

हा टायर इथून पुढे टिकेल का, आणि तसे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न १९ जून २००५ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर उभा राहिला. त्या दिवशी फॉर्म्युला वनच्या शर्यतीसाठी वीस गाड्या मैदानात आल्या आणि प्रत्यक्ष शर्यत फक्त सहा गाड्यांनी केली. उरलेल्या चौदा गाड्या सुरुवातीच्या रेषेपर्यंतही न जाता आत वळल्या. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, काहींनी बाटल्या आणि डबे धावपट्टीवर भिरकावले, कित्येक जण उठून निघून गेले. मोटारींच्या शर्यतीशी खानदेशातील शिक्षकांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध टायरचा आहे, आणि अपुऱ्या माहितीवर निर्णय कसा घ्यावा याचाही आहे.

प्रथम टायरविषयी थोडे. लाकडी चाकावर लोहार तापवलेली लोखंडी धाव चढवतो आणि पाणी ओतून ती आवळतो, हे आपल्या मुलांपैकी काहींनी अजून पाहिले असेल. धाव झिजत नाही, पण रस्त्याचा प्रत्येक दगड ती गाडीवानाच्या कण्यापर्यंत पोचवते. हवेने भरलेल्या चाकाचे पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले. ते विस्मरणात गेले आणि १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी तीच गोष्ट नव्याने शोधली. फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ गावच्या आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या भावांनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली. वाटेत पंक्चर इतकी झाली की लोक हसले. पण टायर आणि शर्यत यांची जोडी तेव्हापासून जमली ती जमलीच.

टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. रबर ताणले जाते, म्हणून त्याला आकारात धरून ठेवणारे दोऱ्यांचे जाळे आत लागते. हे दोर आरंभी कापसाचे असत. त्यासाठी लांब धाग्याचा कापूस लागे, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात तो मिळेना तेव्हा अमेरिकेच्या गुडइयर कंपनीने ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात स्वतःच कापूस लावला. कापूस पिकवणाऱ्या खानदेशातील मुलांना हे सांगितले, तर टायर त्यांना थोडा जवळचा वाटेल. पुढे रेयॉन, नायलॉन आणि पोलाद आले. टायर जेव्हा दगा देतो तेव्हा पुष्कळदा रबर नव्हे, तर हे जाळे किंवा जाळे आणि रबर यांची पकड आधी सुटलेली असते. रस्त्याकडेच्या त्या पट्ट्या पुन्हा पाहिल्या तर कडांना सुटलेले दोर दिसतात.

ही पकड सुटते उष्णतेने. टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तो चपटा होतो, वर गेला की पुन्हा गोल होतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक भाग एकदा वाकतो आणि सरळ होतो. वर्गात यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पुरेल. ती झटकन ताणून वरच्या ओठाला लावावी, गरम लागते. ताणलेली धरून थोडे थांबावे आणि सैल सोडून पुन्हा लावावी, गार लागते. आता तीच पट्टी भराभर पन्नास-साठ वेळा ताणावी आणि सोडावी. ताणताना आपण केलेले सगळे काम रबर परत करत नाही. थोडे स्वतःकडे उष्णतेच्या रूपात ठेवून घेते. याला हिस्टेरेसिस म्हणतात. हवा कमी असेल तर टायर जास्त चपटा होतो, जास्त वाकतो आणि जास्त तापतो.

इथे एक प्रचलित समजूत तपासून पाहावी. उन्हात हवा फुगते आणि म्हणून टायर फुटतो, असे आपल्याकडे सर्रास सांगतात. गणित करू. सकाळी २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०० केल्विनला, मोटारीच्या टायरमध्ये ३२ पौंड हवा भरली. वातावरणाचा दाब मिळवून एकूण ४६.७ पौंड झाले. धावताना आतली हवा ७७ अंशांपर्यंत, म्हणजे ३५० केल्विनपर्यंत तापली, असे धरू. एकूण दाब सुमारे ५४.५ पौंड होईल, आणि मापकावर जवळजवळ ४० पौंड दिसतील. चांगला टायर एवढा दाब सहज सोसतो. जळगाव-भुसावळचे ४५ अंशांचे ऊन टायरला मारक आहे हे खरे, पण ते दाबापेक्षा अधिक याच्यासाठी की आत तयार झालेली उष्णता बाहेर जायला वाव उरत नाही. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून मुद्दाम हवा कमी ठेवणारे चालक आहेत. ते नेमके उलट करतात.

आता इंडियानापोलिसकडे वळू. तेथील मैदान १९०९ मध्ये बांधले गेले. अडीच मैलांची ही धावपट्टी प्रथम खडी आणि डांबराची होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील पहिल्या शर्यतींत ती उखडली, चालक, मेकॅनिक आणि प्रेक्षक मृत्युमुखी पडले, आणि मग बत्तीस लाखांच्या आसपास विटा अंथरून ती पक्की करण्यात आली. पृष्ठभाग आणि चाक यांचे भांडण या जागेला जन्मापासून लागलेले आहे, असे म्हणावे लागते.

या धावपट्टीला चार मोठी वळणे आहेत. प्रत्येक वळण पाव मैल लांब आणि वर्तुळाच्या एका चतुर्थांशाएवढे. यावरून विद्यार्थ्यांना त्रिज्या काढता येईल: सुमारे २५६ मीटर. बाहेरची कड उचललेली, उतार ९ अंश १२ मिनिटांचा. २००० पासून फॉर्म्युला वनची शर्यत तेथे होऊ लागली तेव्हा मैदानाच्या आतील भागात नवा वळणावळणाचा रस्ता काढला, आणि जुन्या धावपट्टीचे एक मोठे वळण त्यात घेतले. तेच तेरावे वळण. फॉर्म्युला वनच्या गाड्या इतर शर्यतींच्या उलट दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे जात. त्यामुळे येथे भार डावीकडच्या चाकांवर येई.

हा भार किती? वेग ताशी ३०० किलोमीटर धरू, म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मीटर. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की केंद्राभिमुख त्वरण मिळते: सुमारे २७ मीटर प्रति सेकंद वर्ग. चालक प्रत्यक्षात थोडी रुंद रेषा धरतात, त्यामुळे खरा आकडा काहीसा कमी येईल. सपाट वळणावर ही सगळी ओढ आडवी असते. उतार असलेल्या वळणावर तिचा एक भाग गाडीला रस्त्यात दाबतो. २७ ला ९ अंश १२ मिनिटांच्या साइनने, म्हणजे ०.१६ ने, गुणले की ४.३ येतात. गुरुत्व त्वरण ९.८ आहे. म्हणजे गाडीच्या वजनाच्या सुमारे ४४ टक्के इतका जास्तीचा दाब निव्वळ उतारामुळे येतो. फॉर्म्युला वनच्या इतर मैदानांवर असे उताराचे आणि एवढ्या वेगाचे वळण नव्हते. मागचे चाक सुमारे ६६ सेंटिमीटर व्यासाचे. या वेगाला ते सेकंदाला चाळीस फेरे घेते. पाव मैलाचे वळण काढायला पाच सेकंद लागतात, म्हणजे दोनशे फेरे. शर्यत ७३ फेऱ्यांची होती. डाव्या मागच्या टायरची प्रत्येक बाजू या एका वळणावर चौदा हजारांहून अधिक वेळा वाकणार होती.

त्या वर्षी नियम असा होता की पात्रता फेरी आणि शर्यत एकाच टायरच्या संचावर करायची. टायर फुटला किंवा खराब झाला तरच बदलता येई. तीनच आठवड्यांपूर्वी, २९ मे रोजी, जर्मनीतील न्यूरबर्गरिंग येथे किमी रायकोनेनचा पुढचा टायर एका जागी घासून चपटा झाला होता. तो न बदलता त्याने शर्यत पुढे रेटली आणि शेवटच्या फेरीत हादऱ्यांनी चाकाची बैठक मोडली.

इंडियानापोलिसला शुक्रवारी, १७ जूनला, सरावाच्या वेळी टोयोटाच्या राल्फ शूमाकरचा डावा मागचा टायर तेराव्या वळणावर गेला आणि गाडी भिंतीवर आदळली. आदल्या वर्षी याच वळणावर टायर गेल्याने त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली होती आणि त्याला सहा शर्यती मुकाव्या लागल्या होत्या. त्याच शुक्रवारी टोयोटाच्या रिकार्डो झोंटाचाही टायर गेला. दोघांचे टायर मिशेलिनचे. दहापैकी सात संघ मिशेलिनचे टायर वापरत. फेरारी, जॉर्डन आणि मिनार्डी हे तीन संघ ब्रिजस्टोनचे. ब्रिजस्टोनच्याच मालकीची फायरस्टोन कंपनी मे महिन्यातील इंडियानापोलिस ५०० शर्यतीला टायर पुरवत असे. शर्यतीची धावपट्टी नव्याने बसवून हिऱ्याच्या पात्यांनी खरवडली होती. त्या खरखरीत पृष्ठभागाचा अनुभव एका घराकडे होता, दुसऱ्याकडे नव्हता.

आता शिक्षकांनी लक्ष द्यावे असा भाग येतो. टायर आणलेले पुष्कळ, बिघडलेले दोन. एवढ्यावरून शर्यत थांबवायची? मिशेलिनच्या तंत्रज्ञांनी टायर तपासले, फ्रान्सहून दुसऱ्या प्रकारचे टायर विमानाने मागवले, पण त्यांच्याबद्दलही खात्री देता येईना. शेवटी कंपनीने लेखी कळवले की तेराव्या वळणावर वेग कमी केला नाही, तर या टायरांची पूर्ण हमी आम्ही देऊ शकत नाही. कारण नेमके कळलेले नव्हते. कारण माहीत असेल तर शक्यता मोजता येते: अमुक भार, अमुक तापमान, इतके फेरे. कारणच माहीत नसेल तर 'पुष्कळांपैकी दोन' या आकड्याला काही अर्थ नाही. उरलेले टायर चांगले आहेत की अजून फुटलेले नाहीत एवढेच, हे सांगायला कोणाकडेही आधार नव्हता.

कंपनीने मागणी केली की तेराव्या वळणाआधी शिकेन, म्हणजे वेग तोडणारे नागमोडी वळण, रातोरात उभारावे. नियामक संस्थेच्या वतीने शर्यत-संचालक चार्ली व्हायटिंग यांनी नकार दिला. योग्य टायर घेऊन आलेल्यांवर तो अन्याय होईल, आणि सुरक्षेची चाचणी न झालेला बदल ऐन वेळी करणे स्वतःच धोक्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे. मिशेलिनच्या गाड्यांनी त्या वळणावर हळू जावे, किंवा खराब होतील तसे टायर बदलत राहावे, असे पर्याय सुचवले गेले. संस्थेचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली या भूमिकेवर ठाम राहिले. दहापैकी नऊ संघ शिकेनला राजी होते, फेरारी नव्हता. मिशेलिनच्या संघांनी गुण सोडून द्यावेत आणि शर्यत तरी होऊ द्यावी, असाही प्रस्ताव आला. काहीच जमले नाही.

रविवारी वीसही गाड्या संचलनाच्या फेरीला निघाल्या, आणि ती संपताना मिशेलिनच्या चौदा गाड्या पिटमध्ये गेल्या. मोकळ्या रेषेवर सहा गाड्या उरल्या. पहिल्या जागेचा मानकरी यार्नो ट्रुली आतच होता. प्रेक्षकांना काय चालले आहे ते तेव्हा कळले. मायकेल शूमाकर पहिला, रुबेन्स बारिकेलो दुसरा, पोर्तुगालचा टियागो मोंटेरो तिसरा आला. चौथा आला नारायण कार्तिकेयन. कोइंबतूरचा हा चालक त्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय होता. या शर्यतीत त्याला पाच गुण मिळाले. भारतीय चालकाने मिळवलेले ते पहिले गुण, आणि त्याच्या फॉर्म्युला वनमधील कारकिर्दीतील एकमेव. सहा गाड्यांची का असेना, ७२ फेऱ्या त्याने पुऱ्या केल्या; त्याच्या टायरने त्याला धरून ठेवले. हे कमी लेखण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

दोष कोणाचा? मिशेलिनने चालकांना बाहेर काढले हे आमच्या मते बरोबरच होते. चाचणी न झालेले शिकेन उभारायला नकार देणेही अडमुठेपणाचे म्हणता येत नाही, कारण ताशी ३०० किलोमीटरच्या वेगासमोर रात्रीतून रचलेला अडथळा हा एक नवा, न मोजलेला धोका असतो. दोष थोडा आधीचा आहे. संघांना दोन प्रकारचे टायर आणण्याची मुभा होती, आणि दुसरा प्रकार अधिक मजबूत ठेवण्याची काळजी घेतली गेली नव्हती. व्हायटिंग यांनी उत्तरात हाच प्रश्न विचारला. आणि प्रेक्षकांचे काय? शुक्रवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंत पत्रे गेली, बैठका झाल्या, पण पैसे मोजून, दूरदूरहून आलेल्या माणसाला कोणी विश्वासात घेतले नाही. 'आमच्याजवळ कारण नाही, म्हणून आम्ही हमी देऊ शकत नाही' हे वाक्य ध्वनिक्षेपकावरून समजावून सांगता आले असते. राग आला असता, पण तो अज्ञानाचा राग नसता. बाटल्या फेकण्याचे समर्थन अर्थातच करता येणार नाही. सहा चालक त्या वेळी धावपट्टीवर होते.

पुढे मिशेलिनने तिकिटांचे पैसे परत देण्याचे जाहीर केले आणि २००६ च्या शर्यतीची वीस हजार तिकिटे विकत घेऊन प्रेक्षकांना देऊ केली. नियामक मंडळाने २९ जून रोजी सातही संघांना दोन आरोपांवर दोषी धरले आणि २२ जुलैला तो निर्णय मागे घेतला. काही प्रेक्षक न्यायालयात गेले. २००७ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला: तिकीट शर्यत पाहण्याचे होते, आणि शर्यत झाली. कायद्याने हे बरोबर असेल. पाहणाऱ्याला पटणे कठीण. शर्यतीत टायर बदलण्याची परवानगी २००६ मध्ये परत आली.

आपल्याकडे प्रेक्षक नाहीत, प्रवासी आहेत. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा, वाटेत थांबायला फारसे निमित्त नाही. हा रस्ता खानदेशातून जात नाही, पण इकडच्या गाड्या त्यावर जातात. अपघात होऊ लागले तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागाने झिजलेले टायर असलेली वाहने अडवून परत पाठवायला सुरुवात केली. लग्नाला निघालेल्या माणसाला 'तुमचा टायर चालणार नाही' म्हटले की त्याची होणारी चिडचिड इंडियानापोलिसच्या प्रेक्षकाहून निराळी नसते: इतके दिवस चालला, आजच काय झाले? उत्तर असे की गावाकडच्या रस्त्यावर तो अर्धा तास धावतो आणि गार होतो; तिथे तो तासन्‌तास वाकत राहतो.

उलटही घडते. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर खासगी बसला आग लागून पंचवीस प्रवासी गेले. टायर फुटल्याने बस उलटली, असे चालकाने सांगितले. अमरावतीच्या परिवहन कार्यालयाच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. टायर फुटला तर रबराचे तुकडे आणि रस्त्यावरच्या खुणा मागे राहतात. त्या वाचता येतात. म्हणून 'टायर फुटला' हे स्पष्टीकरण पहिल्या फटक्यात स्वीकारू नये, आणि झटकूनही टाकू नये.

शाळेच्या आवारातील कोणत्याही मोटारीच्या टायरवर विद्यार्थ्यांना हे वाचता येईल. बाजूवर चार अंकांचा आकडा असतो: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मापाच्या शेवटी एक रोमन अक्षर असते, ती वेगाची मर्यादा: 'के' म्हणजे ताशी ११०, 'एल' म्हणजे १२०, 'टी' म्हणजे १९०. नक्षीच्या खाचांत मधूनमधून छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की मोटारीचा टायर कायद्यानेही संपला. आत दोर सुटलेले आहेत का, हे मात्र यातल्या कशावरूनही कळत नाही. बाजूला फुगीर गाठ आली असेल तर तेवढी एक खूण.

फॉर्म्युला वनची इंडियानापोलिसमधील शर्यत २००७ नंतर थांबली. पण त्याच धावपट्टीवर २७ जुलै २००८ रोजी अमेरिकेतील नॅसकारच्या गाड्या उतरल्या तेव्हा गुडइयरचे टायर दहा-बारा फेऱ्यांत झिजू लागले. खरखरीत पृष्ठभागावर घासलेले रबर रस्त्याला चिकटून गुळगुळीत थर व्हायचे, त्याऐवजी भुकटी होऊन उडत होते. या वेळी संयोजकांनी वेगळा मार्ग काढला. दर दहा-बारा फेऱ्यांनी पिवळे निशाण दाखवून शर्यत मंदावली, सगळ्यांना टायर बदलायला लावले आणि पुन्हा सुरू केली. प्रेक्षक याही वेळी वैतागले. पण जिमी जॉन्सन जिंकला तेव्हा कोणाला भिंतीतून काढावे लागले नव्हते. त्यानंतर गुडइयरने त्याच धावपट्टीवर पुन्हा पुन्हा चाचण्या घेऊन नवा टायर बनवला, आणि २००९ ची शर्यत टायरची तक्रार न येता पार पडली.